नदीची साक्ष कोण देणार?

एखादी नदी निरोगी आहे असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय म्हणत असतो? माणूस निरोगी असतो, गाय निरोगी असते, केळीचे झाडही निरोगी असते. नदीला ना हृदय, ना फुप्फुस. तिला ताप येत नाही आणि तिला वेदना होतात असे मानण्यासही आधार नाही. तरीही 'नदी आजारी आहे', 'नदी मेली' असे शब्द आपल्या तोंडी सहज येतात आणि ऐकणाऱ्याला ते कळतात. हा केवळ शब्दांचा खेळ आहे असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. आरोग्य कशाला म्हणायचे हे ठरले की ते कोणी बिघडवले, ही विचारणा करता येते. ते ठरलेच नाही तर कोणालाही जाब विचारता येत नाही, आणि नदीच्या बाबतीत बहुतेकांना तेच सोयीचे असते.

आपल्या देशात नदीच्या पाण्याची प्रतवारी कशी होते ते पाहावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे पाच वर्ग केले आहेत. केवळ जंतुनाशन करून पिता येईल असे पाणी पहिल्या वर्गात, उघड्यावर स्नानास योग्य ते दुसऱ्यात, नेहमीची शुद्धीकरण प्रक्रिया करून पिता येईल ते तिसऱ्यात, वन्यजीव व मासे यांच्या वाढीस पुरेल ते चौथ्यात आणि शेती व कारखान्यांच्या यंत्रांना थंडावा देण्यासाठी चालेल ते पाचव्यात. चौथ्या वर्गासाठी एक लिटर पाण्यात किमान चार मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू असावा लागतो. ही प्रतवारी निरुपयोगी आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. ज्या माउलीचे मूल विषमज्वराने अंथरुणाला खिळले आहे, तिला पहिल्या आणि पाचव्या वर्गातला फरक समजावून सांगण्याची गरज नाही. पण या मांडणीतील मूळ प्रश्नाकडे लक्ष द्यावे. नदी कशी आहे, हा तो प्रश्न नव्हे. नदी आमच्या कोणत्या कामाची आहे, असा तो प्रश्न आहे. चाकराची तब्येत विचारताना 'आज कामाला येशील ना?' एवढेच विचारणाऱ्या मालकासारखे हे झाले.

शिवाय बाटलीत भरलेले पाणी एका क्षणाचे असते. सकाळी अकरा वाजता नमुना घेतला तर तो सकाळी अकराचीच हकिगत सांगतो. रात्री दोन वाजता नाल्यात काय सोडले गेले, ते त्या बाटलीला ठाऊक नसते. मासा मात्र रात्री दोनलाही तेथेच असतो आणि पहाटे चारलाही. त्याला घर बदलता येत नाही, वकील देता येत नाही आणि उकळून गाळलेले पाणी मागता येत नाही. नदीत जे काही वाहिले ते त्याच्या कल्ल्यांतून गेलेले असते.

ही साधी गोष्ट शास्त्रीय मोजमापात बसवण्याचे श्रेय अमेरिकेतील जीवशास्त्रज्ञ जेम्स कार यांच्याकडे जाते. त्यामागे कायद्यातील एका शब्दाची कथा आहे. १९७२ साली अमेरिकेने जलशुद्धीचा जो कायदा केला, त्यात देशातील पाण्याची रासायनिक, भौतिक आणि जैविक 'अखंडता' पुन्हा प्रस्थापित करणे व टिकवणे हे उद्दिष्ट लिहिले गेले. शब्द मोठा सुंदर. पण पुढे कित्येक वर्षे मोजमाप झाले ते मुख्यत्वे रसायनांचे. जैविक अखंडता मोजायची कशी? इलिनॉय आणि इंडियाना या राज्यांतील शेतांमधून वाहणाऱ्या ओढ्यांचा अभ्यास केल्यानंतर कार यांनी १९८१ साली एक पद्धत मांडली. ओढ्याच्या ठरावीक पट्ट्यातील मासे पकडायचे, ओळखायचे, मोजायचे, तपासायचे आणि पुन्हा पाण्यात सोडायचे. मग बारा प्रश्न विचारायचे. प्रत्येक उत्तराला पाच, तीन किंवा एक गुण. एकूण बेरीज जास्तीत जास्त साठ आणि कमीत कमी बारा. साठाच्या जवळ जो ओढा तो जवळजवळ निसर्गाने घडवला तसा. बाराच्या जवळ जो, तो मरणपंथाला लागलेला.

ते बारा प्रश्न वाचताना मला फार मौज वाटली, कारण अनुभवी वैद्य रोग्याला जसे आडून आडून प्रश्न विचारतो तसे ते आहेत. एकूण जाती किती? त्यांत नाजूक, म्हणजे थोड्याशा बिघाडानेही नाहीशा होणाऱ्या जाती आहेत का? तळाशी, दगडगोट्यांच्या फटींत राहून किडे खाणारे छोटे 'डार्टर' मासे आहेत का? शेतातली माती वाहून आली आणि फटी गाळाने बुजल्या की सर्वांआधी हे जातात. पाणी वरून कितीही नितळ दिसो. 'सकर' नावाचे दीर्घायुषी मासे किती? ते असतील तर गेली अनेक वर्षे ओढ्याने दगा दिलेला नाही. मिळेल ते खाऊन जगणारे सर्वभक्षी मासे वीस टक्क्यांहून कमी असतील तर पूर्ण गुण. पंचेचाळीस टक्क्यांहून जास्त असतील तर केवळ एक. दुसऱ्या माशांवर जगणारे मोठे शिकारी मासे आहेत का? ते टिकून असतील तर त्यांच्याखालची सारी उतरंड शाबूत आहे. आणि शेवटी, किती माशांच्या अंगावर गाठी, व्रण किंवा झडलेले पर आहेत?

यातला एक मुद्दा विसरू नये. माशांची नुसती संख्या फसवी असते. पाणी बिघडल्यावर कधी कधी मासे वाढतात. फक्त ते एकाच जातीचे असतात. आपल्याकडे मोझांबिकची तिलापिया १९५२ साली आणली गेली. कमी प्राणवायूत तगणारा, काहीही खाणारा, पिलांना तोंडात सांभाळणारा हा मासा जिथे गेला तिथे तो फोफावला. जाळे भरून तिलापिया आली म्हणजे नदी समृद्ध आहे असे समजणे, सणाच्या दिवशी चर्च भरले म्हणून धर्मग्राम जागृत आहे असे समजण्यासारखेच आहे. मरळ, शिंगी, मागूर यांना तर हवेतला प्राणवायू घेण्याची सोय देवानेच दिली आहे. एखाद्या डोहात तेवढेच उरले असतील तर त्यांच्या चिवटपणाचे कौतुक जरूर करावे, पण नदीचे अभिनंदन करू नये.

ओहायो राज्याने १९९० साली ही माशांची साक्ष आपल्या नियमांतच समाविष्ट केली. तेथील अधिकाऱ्यांनी रासायनिक तपासणी आणि जैविक तपासणी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा जवळजवळ निम्म्या नदीपट्ट्यांत असे आढळले की रसायनांच्या कसोटीत काहीच दोष नाही, पण जीवसृष्टी मात्र खालावलेली आहे. निम्म्या! म्हणजे कागद खोटा नव्हता. कागदाला विचारलेला प्रश्न अपुरा होता. पुढे ही पद्धत अनेक देशांत गेली. फ्रान्समध्ये सेन नदीसाठी ती १९९२ साली बदलून घेण्यात आली. आपल्या देशात इंदूर-उज्जैनच्या परिसरातील खान आणि क्षिप्रा या नद्यांसाठी गणासन आणि ह्यूज यांनी ती बेतली आणि १९९८ साली प्रसिद्ध केली. इंदूरच्या मराठी कुटुंबांना ही खान नदी परिचयाची आहे. शहराचे सांडपाणी पोटात घेऊन ती क्षिप्रेला मिळते. तिथे अर्थातच डार्टर आणि सकर नाहीत. प्रत्येक भूमीचे साक्षीदार वेगळे असतात, त्यामुळे प्रश्न तेच ठेवून नावे बदलावी लागतात.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना 'निरोगी' या शब्दाशी आमची गाठ एका विचित्र उदाहरणातून पडली होती. अॅरिस्टॉटलने आणि त्याच्या मागोमाग संत थॉमस अक्वायनस यांनी दाखवून दिले की 'निरोगी' हा शब्द आपण तीन तऱ्हांनी वापरतो. प्राणी निरोगी असतो, तो मुख्य अर्थ. औषधाला आरोग्यकर म्हणतो, कारण ते आरोग्याचे कारण असते. आणि मूत्र निरोगी आहे असे वैद्य म्हणतो, कारण ते आरोग्याचे चिन्ह असते. त्या तिसऱ्या उदाहरणाने वर्गात जी खसखस पिकत असे, तिच्यामुळेच बहुधा तो धडा कोणी विसरला नाही. नदीला लावून पाहू. मासा निरोगी असतो, हे मुख्य अर्थाने खरे. स्वच्छ पाणी आरोग्यकर असते, ते कारण म्हणून. मग नदी निरोगी आहे असे म्हणतो ते कोणत्या अर्थाने?

या प्रश्नावर शास्त्रज्ञांतही वाद झाला आहे. ग्लेन सूटर या अमेरिकी अभ्यासकाने १९९३ साली परखड टीका केली: परिसंस्था म्हणजे प्राणी नव्हे, तिला आरोग्य असते असे म्हणणे ही उपमा आहे आणि उपमेवर कायदा उभारू नये. शिवाय बारा वेगवेगळ्या गोष्टी एका बेरजेत कोंबल्या की ३६ या आकड्याचा अर्थ काय, हेच कळेनासे होते. एका नदीला ३६ गुण गाळामुळे मिळतील, दुसरीला विषामुळे.

ही टीका मला अर्धी मान्य आहे. बेरजेचा आकडा हा निकाल नव्हे, तो दारावरची घंटा आहे. आत जाऊन बारा उत्तरे एकेक वाचावीच लागतात. मासे नदी आजारी असल्याचे सांगतात, पण कोणी आजारी पाडली ते नेहमीच सांगू शकत नाहीत. त्यासाठी पुन्हा त्या बाटलीकडे, प्रयोगशाळेकडे जावे लागते. मात्र 'नदीला आरोग्य नसतेच' हे मला मान्य नाही. मूत्र हे देहाचे चिन्ह असते, पण ते देहाचा अवयव नसते. मासा नदीचे केवळ चिन्ह नाही. तो नदीचा घटक आहे. दगडावरचे शेवाळ, शेवाळावरचे किडे, किड्यांवर जगणारे मासे, त्या माशांवर जगणारे मोठे मासे, काठावरचा खंड्या आणि जाळे टाकणारा माणूस, या सर्वांचे परस्परांशी जे नाते आहे ते सुस्थितीत असणे, यालाच मी नदीचे आरोग्य म्हणेन. कुटुंबाला स्वतंत्र हृदय नसते, तरी एखादे घर आजारी आहे हे दारात पाऊल टाकताच कळते. संत पौलाने ख्रिस्तसभेला देह म्हटले ते तिला नाडी असते म्हणून नव्हे.

याहून अवघड प्रश्न पुढेच आहे. तुलना कशाशी करायची? कार यांनी एक न्यायाची अट घातली आहे. लहान ओढ्याची मोठ्या नदीशी तुलना करायची नाही. त्याच प्रदेशातील, त्याच आकाराच्या, सर्वांत कमी उपद्रव झालेल्या ओढ्यात जे आढळते ती अपेक्षा. ज्याला दोन थैल्या दिल्या त्याच्याकडून पाचांचा हिशेब मागायचा नाही, असे शुभवर्तमानातील दाखल्याची आठवण ठेवून म्हणता येईल. पण कमी उपद्रव झालेला ओढा उरलाच नसेल तर? डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ साली दाखवून दिले की प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी जे पाहिले तेच 'मूळ' समजते आणि तेथून घसरण मोजते. आजोबांची नदी नातवाच्या हिशेबात येतच नाही. अशा रीतीने नदी थोडी थोडी मरते आणि कोणाच्याही आयुष्यात फार काही बिघडलेले दिसत नाही.

म्हणून जुन्या याद्यांना मोल आहे. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनमधील माशांचे वर्णन १८३९ साली प्रसिद्ध केले. मुळा-मुठेसारख्या नद्यांतले मासे त्याने पाहिले आणि शास्त्रीय नावे देताना इथल्या माणसांच्या तोंडचीच नावे उचलली. खुद्री, कोळस, मळ्या, नुकटा हे शब्द लॅटिनचा अंगरखा घालून आजही जगभरच्या ग्रंथांत वावरत आहेत. पुण्याच्या नद्यांतील माशांच्या याद्या पुढे १९४२, १९६३ आणि २००३ साली इतर अभ्यासकांनी केल्या. त्या एकापुढे एक ठेवल्या की शहर वाढत गेले तसे नदीत काय घडले ते कळते. दगडाला चिकटून राहणारा मळ्या गटार झालेल्या पात्रात कोठून राहणार? तेथे डासांसाठी सोडलेले गप्पी मासे सुखाने नांदतात.

ओहायोच्या नियमांत एक गोष्ट आहे जी मला बराच काळ अस्वस्थ करीत राहिली. पात्र सरळ करून कालव्यासारख्या केलेल्या ओढ्यांसाठी तिथे वेगळा, खालचा वर्ग आहे. त्यांच्याकडून अपेक्षाच कमी ठेवल्या आहेत. हा व्यवहारी शहाणपणा आहे की शरणागती? पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूला हा पेच नवा नाही. काही जण स्वतःला शेजाऱ्याच्या मापाने मोजतात आणि निश्चिंत होतात. काही जण स्वतःला संतांच्या मापाने मोजतात आणि इतके खचतात की उठतच नाहीत. ख्रिस्तसभेची परंपरा अशी की आदर्श कधीही खाली आणायचा नाही, पण आजचे पाऊल मात्र माणसाच्या आजच्या ताकदीइतकेच मागायचे. नदीलाही तेच लागू करावे असे माझे मत आहे. कालवा झालेल्या ओढ्याकडून या वर्षी कमी मागा. पण मूळ ओढा कसा होता हे नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि ते पान फाडू नका.

एक शंका उरते आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. माशांना आपण तापमापकासारखे वापरतो आहोत काय? आपले पाणी बरे आहे ना, एवढे सांगण्यापुरतेच ते हवे आहेत काय? तसे असेल तर आपण चाकराची चौकशी करणाऱ्या त्या मालकाहून फार पुढे गेलो नाही. संत थॉमस यांनी विचारले होते की देवाने इतक्या नाना प्रकारची सृष्टी का केली. त्यांचे उत्तर असे की देवाचा चांगुलपणा कोणत्याही एका प्राण्यात पुरेसा प्रकट होऊ शकत नाही. एकात जे उणे राहते ते दुसऱ्यात भरून निघावे म्हणून ही विविधता. या विचाराचा आधार पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात घेतला आणि प्राणिमात्रांच्या जाती म्हणजे केवळ वापरायची साधनसंपत्ती नव्हे, त्यांना स्वतःचे मोल आहे, असे स्पष्ट सांगितले. कार यांचा पहिला प्रश्न, 'जाती किती?', हा या दृष्टीने पाहिला तर प्रार्थनेच्या बराच जवळ जातो.

पण विविधता म्हणजे काहीही कोठेही आणून सोडणे नव्हे. आपला खुद्री महाशीर हा सह्याद्रीचा राजबिंडा मासा. त्याची संख्या घटते आहे हे पाहून लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रात त्याची पैदास करण्यात आली. हे काम मोलाचे होते यात शंका नाही. परंतु १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ही पिल्ले दूर कावेरीतही सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा महाशीर आहे, पाठीवर उंचवटा असलेला, जगात अन्यत्र कोठेही नसलेला. पाहुणा तिथे रुजला आणि घरधनी मागे हटत गेला. आज तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर गणला जातो. तोच मासा मुळा नदीत आरोग्याची खूण आणि कावेरीत बिघाडाची. याउलट महाडजवळच्या वाळणकोंडीच्या डोहात गावकऱ्यांनी देवीचे मासे म्हणून महाशीर राखले आहेत. तिथे कोणी जाळे टाकत नाही. त्या श्रद्धेविषयी कोणी काहीही म्हणो, शब्द पाळणे म्हणजे काय हे तो गाव जाणतो.

पवित्र शास्त्रात नदीच्या मरणाचे आणि जीवनाचे असे दोन्ही दाखले आहेत, आणि दोन्हींत साक्षीला मासेच आहेत. निर्गमाच्या पुस्तकात नील नदीचे रक्त झाले तेव्हा आधी मासे मेले, मग नदीला दुर्गंधी सुटली आणि मग मिसरी लोकांना पाणी पिता येईना. राजाच्या हटवादीपणाची किंमत सर्वांत प्रथम ज्यांनी मोजली त्यांचा फारोशी काही तंटा नव्हता. यहेज्केल संदेष्ट्याने पाहिलेल्या दर्शनात मंदिराच्या उंबरठ्याखालून पाणी निघते. एक पुरुष सूत्र घेऊन ते हजार हजार हात मोजत जातो. पाणी घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत आणि मग पोहून जावे इतके खोल होते. अंतर सुताने मोजले गेले. पण पाणी बरे झाले याचा पुरावा म्हणून संदेष्टा सुताकडे पाहत नाही. तो सांगतो की तिथे नाना जातींचे मासे असतील आणि एन-गेदीपासून एन-एग्लाइमपर्यंत कोळी जाळी वाळत घालतील.

त्याच उताऱ्यात पुढे एक ओळ आहे, जी वाचताना वसईच्या मिठागरांकडचा माणूस थबकतोच. नदी सगळे काही गोडे करीत जाते, पण दलदली आणि पाणथळी गोड्या होत नाहीत. त्या मिठासाठी राखल्या जातात. संदेष्ट्यालाही प्रत्येक पाण्याचे माप वेगळे ठेवावेसे वाटले. वैतरणेच्या वरच्या अंगाला, दगडगोट्यांवरून खळाळणाऱ्या पाण्यात जे मासे शोधायचे, ते खाली खाडीत शोधून चालणार नाही. तेथे बोय, चिवणी आणि चिखलावर उड्या मारणारी निवटी यांनाच विचारावे लागेल. त्यांची यादी अजून कागदावर फारशी नाही. ती आहे आपल्या कोळीवाड्यांतील म्हाताऱ्यांच्या जिभेवर. कोणता मासा कोणत्या महिन्यात, कोणत्या भरतीला येई आणि तो यायचा कधी थांबला, हे सारे त्यांना तोंडपाठ आहे.